कढईतल्या शिशावर सिगारेट पेटते तेव्हा

शिसं ओतायला तयार झालं की नाही, हे ओळखायच्या पुष्कळ पद्धती आहेत. कुणी कढईत कागदाचा कपटा टाकतं, कुणी काडी बुडवतं, मोठ्या कारखान्यांत म्हणे उष्णता दाखवणारं काट्याचं यंत्र असतं. माझी पद्धत या सगळ्यांपेक्षा देखणी होती. कढईतलं शिसं चांदीसारखं चमकायला लागलं, की मी खिशातून एक सिगारेट काढून ओठांत धरायचो, दोन्ही हात पाठीमागे बांधायचो आणि देवाच्या पाया पडावं तसा वाकून सिगारेटचं टोक त्या चमकत्या शिशाला टेकवायचो. मग एक झुरका. अलगद पेटली, तर शिसं तयार. नुसतीच धुमसली, तर अजून कच्चं. कागद भडकन जळला, तर जास्त तापलं, आता वर राखेसारखी मळी धरणार. नंतर मी ताठ उभा राहून धूर वर सोडायचो आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचो, "आना पेशंट!"

समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांपैकी निदान एक जण टाळी वाजवायचा. त्या काळात माझ्या भुवया कधी पुऱ्या वाढल्या नाहीत, पण कलेसाठी माणसाला काहीतरी द्यावंच लागतं. मी भुवया देत होतो असं मला वाटायचं. प्रत्यक्षात काय देत होतो, ते पुढे येईलच.

माझं दुकान वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावात, बॅटऱ्यांचं. ट्रॅक्टर, मॅटॅडोर, जीप, घरचा इन्व्हर्टर, ज्या डब्यात वीज साठते तो डबा मेला की माझ्याकडे यायचा. ज्यांनी बॅटरी कधी उघडून पाहिली नाही, त्यांच्यासाठी सांगतो. आत काही जादू नसते. शिशाच्या जाळीदार पाट्या उभ्या लावलेल्या असतात, त्यांना आम्ही प्लेटा म्हणतो. त्यांच्या मधे अ‍ॅसिडचं पाणी. प्लेटांना वरून जोडणारी शिशाची पट्टी, आणि झाकणाबाहेर डोकावणाऱ्या दोन खुंट्या, ज्यांना वायर लागते. प्लेटा सडतात, पट्टी तुटते, खुंटी झिजते. आम्ही वरचं डांबर तापवून झाकण काढायचं, मेलेल्या प्लेटा उपसायच्या, नव्या बसवायच्या, शिसं वितळवून नवी पट्टी, नवी खुंटी ओतायची आणि परत डांबर मारायचं. शिसं कच्चं असलं तर जोड धरत नाही, जास्त तापलं तर खुंटी भुसभुशीत होते. सगळं कसब त्या मधल्या क्षणात. म्हणून तर सिगारेट.

"बिडी काऊन नाई चालत?" असं एकाने विचारलं होतं. बिडीचं पान खोटं बोलतं. ओलसर असलं तर पेटत नाही आणि वाळलं असलं तर भलत्या वेळी पेटतं. सिगारेटचा कागद मात्र इमानदार.

कापसाच्या हंगामात जिनिंगपुढे गाड्यांची रांग लागायची आणि त्यातली एखादी तरी सुरूच व्हायची नाही. मग ड्रायव्हर बॅटरी खांद्यावर टाकून धापा टाकत यायचा. एकदा सेलू भागातल्या एका माणसाला मी फोनवर "सिंदीला घेऊन या" म्हटलं, तर तो बॅटरी घेऊन थेट वर्ध्याला चिकटलेल्या सिंदी मेघ्यात जाऊन पोचला आणि तिथून मला शिव्या देत राहिला. दुसऱ्या एका भाविकाने बॅटरीत पाणी कमी झालं म्हणून धाम नदीचं तीर्थ ओतलं होतं. मी म्हटलं, "बापा, हिले डिस्टिल वॉटर लागते. तीर्थानं मानसं तरते, बॅटरी नाई." तो म्हणाला, "मंग तुमची बॅटरी नास्तिक हाय." आणि भाजीवाल्या यशोदाबाई! त्यांच्या फवारणीच्या पंपाची बॅटरी मी दुरुस्त करून दिली आणि ती महिन्यात बसली. दुकानात येऊन, चार माणसांत, त्या म्हणाल्या, "भाऊ, माह्यं वांगं बी इतक्या लौकर सडत नाई." मी हात जोडले. खऱ्या कलाकाराने खरी टीका सहन करावी.

हा धंदा मला शिकवला शालिकरावांनी. दुकान मूळचं त्यांचं. आता वय झालं, हात थरथरतो, म्हणून ते दुकानातल्या बाकावर बसून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटतात आणि माझ्या कामाला नावं ठेवतात. ते स्वतः शिसं जोखायचे ते पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, वाळक्या काडीने, हात लांब करून. काडी तपकिरी झाली की झालं. माझी सिगारेट त्यांना पहिल्या दिवसापासून पसंत नव्हती. "गज्या," ते म्हणायचे, "हे काम हाय का तमाशा?" मी म्हणायचो, "उस्ताद, दोन्ही." बाकी त्यांच्या सगळ्या रीती मी इमानाने पाळल्या. त्यातली मुख्य म्हणजे काम संपल्यावर गुळाचा खडा खायचा. गूळ खाल्ला की पोटात गेलेलं शिसं बाहेर पडतं, ही आमच्या लाइनीतली पक्की श्रद्धा. खडा तोडायचा, तोंडात टाकायचा, बोटं चाटायची. हात धुवायचे, पण ते घरी गेल्यावर.

एका वर्षी पोळ्याच्या तोंडावर माझ्या उजव्या पायाचा अंगठा सुजला. सुजला म्हणजे काय, टमाट्यासारखा लाल आणि तुकतुकीत. चादर लागली तरी मी किंचाळायचो. गावात बैल झुली घालून मिरवत होते आणि मी एका पायावर उड्या मारत होतो. प्रत्येकाकडे कारण तयार होतं. शालिकराव म्हणाले, "यशोदीच्या वांग्याचा तळतळाट हाय." मेडिकलवाल्याने दुखण्याच्या गोळ्या दिल्या. त्या मी शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या. अंगठा बसला, परत उठला, परत बसला. माझी बायको कुंदा हे सगळं बघत होती. शेवटी म्हणाली, "लोकं बैलाचा खूर दुखला तं डॉक्टर बोलावते. तुमाले काऊन लाज वाटते?"

"मी काय बैल हाव का?"

"बैल आयकते तरी."

म्हणून सिंदीहून पॅसेंजरने सेवाग्रामला, आणि तिथून मोठ्या दवाखान्यात. रक्त घेतलं, लघवी घेतली, ब्लड प्रेशर बघितलं, आणि प्रेशर बघणाऱ्या नर्सने पट्टा सोडून परत एकदा बांधला. मला डॉक्टर मॅडमकडे पाठवलं. चष्मा, कॉटनची साडी, आवाज मऊ. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि विचारलं, "काय काम करता?"

"मेलेल्या बॅटऱ्या जिवंत करतो."

"शिसं वितळवता?"

"रोज."

"सिगारेट?"

"तेही रोज. त्याच शिशावर."

"म्हणजे?"

आता तुम्हीच सांगा, एवढं विचारल्यावर माझ्यासारखा माणूस नुसतं तोंडी सांगेल का? मी उठलो. टेबलावरचा स्टीलचा ट्रे ओढून मधे घेतला, ही कढई. मॅडमचंच पेन ओठांत धरलं, ही सिगारेट. हात मागे बांधले. सुजलेल्या अंगठ्यावर भार न देता असा काही डौलात वाकलो, पेनचं टोक ट्रेला टेकवलं, छाती भरून झुरका घेतला, ताठ झालो, छताकडे धूर सोडला आणि म्हटलं, "आना पेशंट!"

बाहेर रांगेतला एक म्हातारा दचकून आत आला. त्याला वाटलं त्यालाच बोलावलं.

मॅडम हसल्या. मग हसता हसता थांबल्या आणि म्हणाल्या, "एक मिनिट." बाहेर जाऊन त्यांनी पाच-सहा शिकाऊ डॉक्टरांना बोलावून आणलं. "तेच परत करून दाखवाल?"

असं भाग्य किती जणांना लाभतं? पांढऱ्या कोटातले प्रेक्षक, सगळे गोल करून उभे. या वेळी मी मळी काढायचंही करून दाखवलं, बोटं पँटला पुसायचं करून दाखवलं, वरतून गुळाचा खडा. मुलं भराभर लिहून घेत होती. एका मुलीने तर विचारलं, "किती जवळ वाकता? नाक किती अंतरावर असतं?" मी म्हटलं, "इतकं जवय, का शिशात मले माह्याच नाकातले केस दिसते." सगळे हसले. मी मनात म्हटलं, गजानन, सिंदीत तुझी कदर झाली नाही.

मग मॅडमनी माझा वरचा ओठ उचलून हिरडी बघितली, मुलांना दाखवली. दातांच्या मुळाशी निळसर-काळी रेघ होती. ती तंबाखूची आहे असं मी समजत आलो होतो. मुलं एकेक करून वाकली, बघितली आणि त्यातलं कुणीच हसलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की प्रयोग रंगला आहे खरा, पण नाटक वेगळंच आहे.

मॅडमनी मला बसवलं आणि साध्या भाषेत सांगितलं. किडनीत रक्त गाळणाऱ्या बारीक बारीक जाळ्या आणि नळ्या असतात. शिसं अंगात जातं, वर्षानुवर्षं हाडांत साठतं आणि या नळ्यांना हळूहळू निकामी करतं. सिगारेटने रक्ताच्या वाहिन्या आकसतात, किडनीला रक्त कमी पोचतं. म्हणजे शिसं जे बिघडवतं, त्याला सिगारेट घाई करते. "आणि तुम्ही तर," त्या म्हणाल्या, "दोन्ही एकाच झुरक्यात घेता. कढईची वाफ थेट छातीत. बोटांवरची शिशाची राख सिगारेटला लागते, ती जळून आत जाते. उरलेली गुळाबरोबर पोटात."

"गूळ तं शिसं बाहेर काढते म्हन्ते."

"गूळ शिसं बाहेर काढत नाही. तुमच्या बोटांवरचं शिसं आत सोडून येतो."

अंगठ्याचाही उलगडा झाला. किडनी थकली की यूरिक अ‍ॅसिड नीट बाहेर पडत नाही, ते सांध्यात जाऊन बसतं. अ‍ॅसिड म्हटल्यावर मला घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं, म्हणून मी जरा हसलो. मॅडम हसल्या नाहीत. दुखण्याच्या त्या गोळ्यांनीही किडनीचं नुकसान होतं, त्या आजपासून बंद, असं म्हणाल्या.

मी विचारलं, "मंग आता दुरुस्ती कशी करायची?"

"जेवढं गेलं तेवढं दुरुस्त होत नाही, गजाननराव."

आयुष्यभर दुरुस्तीवर जगलेल्या माणसाला याहून मोठी शिवी कुणी दिली नसेल. बॅटरी मरताना सांगते हो. हॉर्न घोगरा होतो, दिवा पिवळा पडतो, सेल्फ मारला की खोकते. किडनी बाई घरंदाज, अर्ध्याहून अधिक जाईपर्यंत चकार शब्द काढत नाही. मॅडमनी स्पष्ट सांगितलं. शिसं आणि सिगारेट दोन्ही सोडलं, प्रेशरच्या गोळ्या रोज घेतल्या, तर उरलेली किडनी पुष्कळ वर्षं साथ देऊ शकते. नाही सोडलं, तर डायलिसिस. म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा मशीनला जोडून पडायचं आणि रक्त धुऊन घ्यायचं. मी रोज दहा बॅटऱ्या चार्जिंगला लावणारा माणूस. स्वतःला वायर लावून रांगेत पडलोय, हे चित्र मला फार स्पष्ट दिसलं आणि अजिबात आवडलं नाही.

घरी येऊन कुंदाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडतच राहिली. मग म्हणाली, "मंग आजपासून दोन्ही बंद?"

"इचार करतो."

"इचार? वांगे घ्या का भेंडी, याचा इचार करते मानूस. मरा का जगा, याचा कायचा इचार करून राह्यले?"

पण मी केलाच. घरात दोन त्रासदायक भाडेकरू असले, तर एकदम दोघांना कोण काढतं? आधी एक. मी सिगारेट काढायचं ठरवलं, कारण ती गेली तरी दुकान चालेल. कुंदाने खिशात बडीशेपेची पुडी दिली. पहिले काही दिवस मी कुणाशी नीट बोललो नाही. एका सज्जन गिऱ्हाइकाने "बॅटरी कधी मिळेल?" एवढंच विचारलं, तर त्याला मी, "तुमच्या पोरीचं लगन व्हायच्या आधी मिळते," असं उत्तर दिलं. त्याची पोरगी बालवाडीत होती.

आणि मग खरी पंचाईत समोर आली. सिगारेटशिवाय मला शिसं कळेना! इतकी वर्षं माझ्या ओठांनी काम केलं होतं, डोळ्यांना आणि हाताला काहीच येत नव्हतं. मुकाट्याने पऱ्हाटीची काडी घेतली. पहिली खुंटी कच्ची निघाली. दुसरी भुसभुशीत. शालिकराव बाकावरून बघत होते. त्यांनी खर्रा गालात सरकवला आणि म्हणाले, "इतके वर्षं मले तमाशा दाखवला, आन आता काडीची शिकवनी मांगून राह्यला. पाया पड आधी." मी पडलो. बाहेर उभं असलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "गजूभाऊ, आज थे सिगारेटवालं नाई का?" नाही म्हटल्यावर तो मोबाइल बघायला लागला. माझ्याकडे पाठ करून!

तीन महिन्यांनी परत दवाखान्यात. या वेळी कुंदा सोबत होती. प्रेशर खाली आलेलं, मॅडम खूश. मग रक्तातल्या शिशाचा रिपोर्ट पुढे आला.

"कढई अजून चालू आहे?"

"सिगारेट पुरी बंद हाय, मॅडम. एक झुरका नाई."

"मी दोन गोष्टी सांगितल्या होत्या."

मी मास्क लावतो म्हटलं, पंखा लावतो म्हटलं, उघड्यावर शेगडी मांडतो म्हटलं. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "किडनी थोडी अजून उतरली आहे. चांगली किडनी असलेल्या माणसाबरोबर मी मास्क-पंख्याची चर्चा केली असती. तुमच्याकडे उधळायला आता काही नाही." मग त्यांनी कुंदाला विचारलं, "यांचे कामाचे कपडे कोण धुतं?" कुंदाचंही रक्त तपासलं. तिच्या अंगात घाबरण्यासारखं काही निघालं नाही, पण निघालं थोडंसं. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून पदराने बोटं पुसत राहिली. सिंदी आल्यावर उतरता उतरता म्हणाली, "म्हंजे मी बी बॅटरीवाली." बस, एवढंच. त्या एका वाक्याने जे झालं, ते डॉक्टरांच्या सगळ्या रिपोर्टांनी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शेगडी विझवली. कढई मागच्या पडवीत पालथी घातली.

शालिकरावांनाही आम्ही ओढत तपासायला नेलं. ज्यांनी माझ्या आधी कितीतरी वर्षं शिसं ओतलं, त्यांच्या रक्तात शिसं निघालंच, पण किडन्या वयाच्या मानाने बऱ्या निघाल्या. मॅडम म्हणाल्या, यात नशिबाचा भाग आहेच, पण त्यांनी सिगारेट कधी ओढली नाही आणि शिसं हातभर लांबून जोखलं, याचाही फरक पडला असणार. मग खर्रा सोडायलाही सांगितलं. त्यातलं शालिकरावांनी फक्त पहिलं ऐकलं. पुढचे कित्येक दिवस गावात जो भेटेल त्याला ते सांगत, "काडी! काडीनं वाचवलं मले. आन हा पाहा, हिरो!"

माझ्या लाइनीतली माणसं हे वाचत असतील तर त्यांना हात जोडून सांगतो. रक्तातलं शिसं तपासून घ्या, अंगठा सुजायची वाट बघू नका. कढईजवळ बिडी-सिगारेट, खाणं-पिणं काही नको. हात आधी धुवा, कामाचे कपडे घरी नेऊ नका, आणि गुळाचा खडा खायचाच असेल तर लग्नात खा.

आता माझ्या दुकानात ओतकाम बंद. नव्या बंद बॅटऱ्या विकतो, चार्जिंग करतो, तपासून देतो. मेलेल्या बॅटऱ्या आहेत तशा गोळा करून परवानावाल्या कारखान्याला धाडतो. स्वच्छ धंदा. ना धूर, ना राख, ना प्रेक्षक. पहिले काही महिने मी दुकान उघडायचो आणि उगाच पडवीत एक चक्कर मारून यायचो. कढई तिथे होती. मोडीत द्यायला हात होत नव्हता.

आणि लग्नसराईत तो दिवस आला. उन्हं उतरत होती, माझ्या दुकानासमोरून वरात चालली होती, आणि पुढे धुमाल. आमच्याकडे धुमाल म्हणजे काय सांगू, ट्रकवर रचलेली भोंग्यांची भिंत, ताशे, झांजा आणि सगळ्या गावाच्या छातीत एकाच वेळी धडधड. नेमका माझ्या दारातच जनरेटर बंद पडला. सगळा आवाज गेला आणि घोड्यावरचा नवरदेव एकटाच हलत राहिला. धुमालवाला राजू बॅटरी कवटाळून पळत आला. खुंटी मुळातून तुटलेली.

"गजूभाऊ, ओतून द्या पटकन! पोरीकडचे आत्ताच मारते मले!"

त्याच्यामागे अख्खी वरात. फेटेवाले, जरीच्या साड्या, नाचून घामाघूम झालेली पोरं. सगळे गोल करून उभे राहिले. आणि त्यातून एक आवाज आला, "अबे, पाहा पाहा, गजूभाऊ आता शिशावर सिगारेट पेटवते!" दुसरा म्हणाला, "माह्या सासऱ्यानं पाह्यलं नाई अजून, थांबा, त्याले बोलावतो." तिसऱ्याने स्वतःच्या पाकिटातली सिगारेट काढून माझ्यापुढे धरली.

खरं सांगतो, इतका मोठा प्रेक्षक मला जन्मात मिळाला नव्हता. घोड्यावर नवरदेव, म्हणजे बाल्कनीसुद्धा भरलेली. माझे हात आपोआप पाठीमागे गेले. एकदाच! एका वेळेने काय होतं? शिसं वितळायला किती वेळ लागतो? मी शालिकरावांकडे पाहिलं. एरवी ज्यांचं तोंड बंद होत नाही, ते माझ्याकडे नुसते बघत होते. दुकानात मागे कुंदा डबा घेऊन आली होती, तीही दारात थांबली होती.

मी मांडणीवरची एक नवी, चार्ज केलेली बॅटरी उचलली. राजूच्या हातात दिली. "ही लाव. तुही जुनी उद्या पाहू."

दोन वायरी, दोन नट, पाना. जनरेटर सुरू झाला.

"झालं?" तो सासऱ्याला आणायला गेलेला माणूस सासऱ्याला घेऊन परत आला होता. "बस? येवढंच?"

"येवढंच."

सासरेबुवा खूप अपेक्षेने आले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जावयाला पाहिलं, आणि म्हणाले, "याच्यासाठी मले नाचता नाचता आनलं?" भोंगे परत गरजले, वरात नाचत पुढे गेली, मागे वळूनसुद्धा कुणी बघितलं नाही. माझ्या सगळ्या कारकिर्दीतला सगळ्यात पडेल प्रयोग. मी तसाच रस्त्यात उभा, पाना हातात. शालिकराव बाकावरून म्हणाले, "गज्या, आज पह्यल्यांदा शहान्यावानी वागला तू. पाहाले मातर काई मजा नाई आली." संध्याकाळी जो भंगारवाला गेला, त्याला मी पडवीतली कढई देऊन टाकली.

पुढच्या तपासणीला मी आणि कुंदा गेलो. मॅडमनी नवा रिपोर्ट आणि जुना रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. रक्तातलं शिसं बरंच उतरलं होतं. किडनी मागच्या वेळी जेवढी होती, तेवढीच.

"सुधारली नाई थोडीशी तरी?" मी विचारलं.

"सुधारायची नाही. पण घसरली नाही. गजाननराव, हेच आपल्याला हवं होतं. असंच चालू ठेवा."

म्हणजे इतकं सगळं करून कमावलं काय, तर जैसे थे! मी बाहेर आलो तो थोडा हिरमुसलेला आणि पुष्कळ खूश, अशा विचित्र तोंडाने. दवाखान्याच्या दाराशी लिंबाखाली चहाची टपरी आहे, तिथे बसलो. मी चहा ढवळत म्हटलं, "चाला. हाय तेवढी किडनी तं वाचली."

"हाव," कुंदा म्हणाली. "आता जपून वापरजा."

थोडा वेळ ती बशीत चहा ओतून फुंकत राहिली. मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "माह्यावालीबी देता येते म्हन्ते."

"काय?"

"किडनी. मागच्या खेपेले मॅडमले इचारलं होतं मी. रक्तगट जुयते आपला. बाकीच्या तपासन्या मंग लागल्या तं करू म्हने."

मी चहा खाली ठेवला. म्हणालो, "मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं," ती बशी खाली ठेवत म्हणाली, "तं तुमी त्या वरातीत सिगारेट पेटवली असती."